नर्सिंगला प्रवेश घेताय? आधी नोंदणीचा प्रश्न विचारा, मग फी भरा

दहावी-बारावीचे निकाल लागले की घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली अशा स्टेशनांबाहेरच्या खांबांवर एकाच छापाच्या जाहिराती दिसायला लागतात. ‘नर्सिंग करा, एका वर्षात नोकरी पक्की. पास-नापास चालेल.’ खाली एक मोबाइल नंबर असतो. कॉलेजचं नाव असलंच तर बारीक अक्षरात.

समजा, असल्फा गावात राहणाऱ्या एका मुलीने हा नंबर फिरवला. साठ-सत्तर हजार भरले, वर्षभर क्लास केला, पांढरा कोट घालून फोटोही काढला. मग एका मोठ्या रुग्णालयात मुलाखतीला गेली. तिथे तिला पहिलाच प्रश्न विचारला गेला, “कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर काय?” तिच्याकडे तो नाही, आणि त्या कोर्सच्या जोरावर तो कधी मिळणारही नाही. पैसे गेले, वर्ष गेलं, आणि हातात जे प्रमाणपत्र आहे त्यावर मिळणारी नोकरी नर्सची नाही, मदतनिसाची आहे.

नर्सिंगमध्ये जायचं असेल तर हा रस्ता शेवटाकडून बघायला हवा. नोकरीसाठी नोंदणी लागते, नोंदणीसाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम लागतो आणि त्या अभ्यासक्रमासाठी ठरलेल्या मार्गानेच प्रवेश घ्यावा लागतो. यातली एक कडी तुटली की पुढचं सगळं अडतं. ही साखळी नेमकी कशी आहे, ते समजून घेऊ.

कायद्याने नर्स कोण?

महाराष्ट्रात नर्स म्हणून काम करायचं असेल तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे, म्हणजे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवावं लागतं. त्याला आधार आहे तो १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याचा. देशपातळीवरचा अभ्यासक्रम आणि शिक्षणाचा दर्जा ठरवण्याचं काम १९४७ च्या कायद्याने इंडियन नर्सिंग कौन्सिलकडे आलं. २०२३ मध्ये संसदेने नवा कायदा केला. त्यानुसार या कौन्सिलची जागा राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूती आयोगाने घ्यायची आहे. नाव बदललं तरी विद्यार्थ्यासाठी मुद्दा तोच राहतो. नोंदणी नाही, तर नर्स नाही.

‘नर्सिंग असिस्टंट’, ‘पेशंट केअर’, ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ अशा नावांचे सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे कोर्स असतात. हे सगळेच बोगस असतात असं नाही. रुग्णाला अंघोळ घालणं, कूस बदलणं, व्हीलचेअरवरून नेणं, खाऊ घालणं ही कामं त्यात शिकवतात. उपनगरांतले ब्युरो घरी ज्या आयाबाई किंवा केअरटेकर पाठवतात, त्यांच्यापैकी अनेकांनी असे कोर्स केलेले असतात. ते काम कष्टाचं आणि गरजेचं आहे. पण ती नर्सची पदवी किंवा पदविका नव्हे, आणि त्यावर कौन्सिलची नोंदणी होत नाही. फसवणूक होते ती कोर्स मदतनिसाचा आणि जाहिरात नर्सची असते तेव्हा.

एएनएम, जीएनएम की बीएस्सी?

बारावीनंतर नोंदणीपर्यंत नेणारे तीन रस्ते आहेत.

पहिला एएनएम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. कला, वाणिज्य, विज्ञान कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्या मुलींना तो करता येतो. भर असतो लसीकरण, माता-बाल आरोग्य आणि वस्तीपातळीवरच्या कामावर. आरोग्य केंद्रांतल्या भरतीत ही पात्रता चालते. मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात मात्र एएनएमला मर्यादित वाव असतो.

दुसरा जीएनएम. तीन वर्षांची ही पदविका आहे. बारावीला किमान ४० टक्के आणि इंग्रजी विषय असावा, विज्ञान असेल तर प्राधान्य, असा नियम आहे. वय १७ ते ३५. एएनएम आणि जीएनएमच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. बारावीला विज्ञान नसलेल्यांसाठी अधिपरिचारिका होण्याचा हाच मुख्य रस्ता आहे.

तिसरा बीएस्सी नर्सिंग. चार वर्षं, आठ सत्रं, शेवटच्या सत्रात इंटर्नशिप. यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के गुणांची अट आहे. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण झालेली असावीत. राज्यातल्या बहुतेक बीएस्सी कॉलेजांच्या परीक्षा नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं.

घरात पैशांची ओढाताण असेल तर जीएनएम करून एक वर्ष आधी कमावतं होता येतं. पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवी मिळवण्याचा दरवाजा उघडा राहतो. बारावीला विज्ञान असेल आणि चार वर्षं शिकणं झेपणार असेल, तर थेट बीएस्सी केलेलं बरं. केंद्राच्या भरतीत, अध्यापनात आणि परदेशात पदवीचा फायदा होतो.

‘हे मुलींचं क्षेत्र’ हा समजही बाजूला ठेवा. बीएस्सी आणि जीएनएम मुलांनाही करता येतं. काही संस्था फक्त मुलींसाठी आहेत आणि काही भरतींत पुरुषांच्या जागा कमी असतात. एम्सच्या भरतीत तर ८० टक्के जागा महिलांसाठी आणि २० टक्के पुरुषांसाठी असं सूत्र आहे. मुलांनी प्रवेशाआधी हे गणित लक्षात घ्यावं.

बीएस्सीची सीईटी कशी असते?

राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल, २०२२ पासून बीएस्सी नर्सिंगसाठी वेगळी सीईटी घेतो. परीक्षा संगणकावर होते. १०० प्रश्न, १०० गुण आणि ९० मिनिटं. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग कल चाचणी या पाच भागांना प्रत्येकी २० गुण. चुकलेल्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये.

निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. नियमानुसार खुल्या प्रवर्गाला ५० आणि अनुसूचित जाती-जमाती व ओबीसी विद्यार्थ्यांना ४० पर्सेंटाइल लागतो. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ५० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्या निम्म्या मुलांच्या बरोबरीने किंवा पुढे असणं.

मुलांचं गणित चुकतं ते बहुतेक वेळा तारखांचं. सीईटीचे अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरून घेतले जातात. परीक्षाही कधी एप्रिलमध्ये, कधी मे-जूनमध्ये झाली आहे. ‘आधी निकाल लागू दे, मग बघू’ म्हणणाऱ्याचं वर्ष तिथेच जातं. बारावीच्या वर्षी डिसेंबरपासून सीईटी सेलचं संकेतस्थळ दर आठवड्याला बघायची सवय ठेवा. एएनएम-जीएनएमच्या प्रवेशपद्धतीत मधल्या काळात बदल झाले आहेत, म्हणून त्यांच्यासाठी मागच्या वर्षीच्या ताईच्या अनुभवावर न जाता त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचा.

सीईटी झाली की काम संपत नाही. कॅप नावाची केंद्रीय प्रवेश फेरी असते. तिथे वेगळी नोंदणी करावी लागते, कागदपत्रं तपासली जातात आणि कॉलेजांचा पसंतीक्रम भरावा लागतो. पसंतीक्रम भरताना ‘मिळेल का’ यापेक्षा ‘हवं आहे का’ या क्रमाने नावं टाका. आवडीचं कॉलेज खाली टाकलं आणि वरचं मिळालं, तर हळहळ करायची वेळ येते.

उपनगरात राहून कुठे शिकता येतं?

सरकारी आणि पालिकेच्या जुन्या संस्था बहुतेक करून शहराच्या बाजूला आहेत. भायखळ्याला जे. जे. रुग्णालयाच्या आवारात राज्य सरकारची इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन आहे. महापालिकेच्या केईएम, शीव आणि नायर या रुग्णालयांना जोडून परिचारिका प्रशिक्षणाची परंपरा जुनी आहे. चर्चगेटला एसएनडीटी महिला विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज १९६४ पासून फक्त मुलींना पदवीचं शिक्षण देतं.

उपनगरांत खासगी आणि न्यासांच्या संस्था आहेत. अंधेरी पूर्वेला महाकाली रोडवर होली स्पिरिट, अंधेरी पश्चिमेला कोकिळाबेन रुग्णालयाशी जोडलेलं कॉलेज, वांद्र्याला होली फॅमिली आणि थोडं पुढे माहीमला हिंदुजा. मुलुंड-घाटकोपरकरांना ठाणे आणि नवी मुंबईतल्या संस्थाही प्रवासाच्या टप्प्यात येतात.

कॉलेज निवडताना इमारतीपेक्षा रुग्णालय बघा. नर्सिंग वर्गात अर्धंच शिकता येतं, उरलेलं वॉर्डात शिकावं लागतं. कॉलेजला स्वतःचं रुग्णालय असावं, ही अट म्हणूनच नियमांत आहे. ‘आमचं टायअप आहे’ एवढं ऐकून गप्प बसू नका. रुग्णालयाचं नाव, खाटांची संख्या, आयसीयू आणि प्रसूती विभाग आहे का, तिथे विद्यार्थी खरंच ड्युटीला जातात का, हे विचारा. शक्य असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना फाटकाबाहेर गाठा. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत नसलेल्या गोष्टी त्या सांगतील.

कागदपत्रांची धावपळ कधी करायची?

निकालानंतर सेतू केंद्रापुढे रांगा लागतात, म्हणून त्याच्या आधीच करायची. मुंबई उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके आहेत. मुलुंड आणि घाटकोपर कुर्ला तालुक्यात येतात. अधिवास, उत्पन्न आणि जातीच्या दाखल्यांसाठी त्या त्या तहसील कार्यालयाशी किंवा ‘आपले सरकार’ पोर्टलशी संबंध येतो.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधार, वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र हे सगळ्यांना लागतं. राखीव प्रवर्गासाठी जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमिलेयर. जात वैधतेला सगळ्यांत जास्त वेळ लागतो, म्हणून तो अर्ज अकरावीतच करून टाकलेला चांगला. नावातला फरक हे आणखी एक दुखणं. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरं असेल तर ते आत्ताच दुरुस्त करा. हाच गोंधळ पुढे नोंदणीच्या वेळी आणि पासपोर्ट काढताना पुन्हा आडवा येतो.

फी किती, आणि माफ कुणाला?

सरकारी संस्थेत फी कमी असते, पण जागाही कमी. खासगी बीएस्सी कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर दिसते. कॉलेज सांगतंय तो आकडा आणि तिथला आकडा ताडून बघा. गणवेश, हॉस्टेल, बस, ‘विकास निधी’ असं वर काय काय लावलंय, ते लेखी घ्या. रोख भरलं तरी पावती सोडू नका.

मुलींसाठी मोठा बदल झाला तो ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ झालं. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीच्या वेगळ्या योजना आहेत. हे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करावे लागतात.

यात एक मेख आहे. या सवलतीसाठी प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला लागतो. एखादा एजंट म्हणाला, “फेरीबिरीच्या भानगडीत पडू नका, थेट ॲडमिशन करून देतो,” तर व्यवस्थापन कोट्यातल्या त्या जागेला ही माफी मिळत नाही. फेरी सोडल्याने चार वर्षांची फी अंगावर पडते.

कॉलेज खरं आहे हे कसं तपासायचं?

तीन ठिकाणी नाव शोधा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत, इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या संकेतस्थळावर आणि परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाच्या किंवा मंडळाच्या यादीत. नाव अगदी तेच हवं, पत्ता तोच हवा आणि मान्यता चालू शैक्षणिक वर्षाची हवी. एखाद्या संस्थेला जीएनएमची मान्यता असते आणि ती त्याच नावावर बीएस्सीच्या जागा विकत असते, असंही होऊ शकतं. म्हणून अभ्यासक्रमाचं नाव आणि मंजूर जागाही बघा.

राज्याबाहेरच्या कॉलेजांसाठीही एजंट फिरत असतात. बाहेर शिकणं चुकीचं नाही. पण तिथे शिकून मुंबईत काम करायचं असेल तर आधी त्या राज्याच्या कौन्सिलकडे नोंदणी आणि मग महाराष्ट्रात परस्पर नोंदणी करावी लागते. ‘हजेरीची गरज नाही, परीक्षेपुरतं या’ असं कुणी सांगितलं, तर तिथूनच परत फिरा. शीर न सापडलेल्या रुग्णापुढे कागदावरची हजेरी कामाला येत नाही.

निकाल लागला, आता पुढे?

शेवटच्या वर्षाचा निकाल आणि उत्तीर्ण प्रमाणपत्र हातात आलं की कौन्सिलकडे नोंदणीचा अर्ज करायचा. जीएनएम आणि बीएस्सी झालेल्यांची नोंद नोंदणीकृत परिचारिका आणि नोंदणीकृत प्रसाविका अशी होते. देशपातळीवर परिचारिकांची एक ऑनलाइन नोंदवहीही आहे, त्यात प्रत्येकीला स्वतंत्र क्रमांक मिळतो. राज्यातल्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी कार्यशाळा, प्रशिक्षणं यांचे श्रेयांक लागतात. पहिल्या वर्षापासूनच प्रत्येक कार्यशाळेचं प्रमाणपत्र एका फाइलमध्ये लावायला घ्या.

निकाल ते नोंदणी या मधल्या काळात काही रुग्णालयं ‘ट्रेनी’ म्हणून घेतात. नोंदणी क्रमांक आल्यावर पद आणि पगार किती बदलणार, हे नेमणूकपत्रात लिहून मागा. नाहीतर ‘ट्रेनी’ हा शब्द वर्षभर चिकटून राहतो.

पहिली मुलाखत : काय विचारतात?

उपनगरांत रुग्णालयांची कमी नाही. विलेपार्ल्यात नानावटी, पवईत हिरानंदानी, मुलुंडला फोर्टिस अशी मोठी खासगी रुग्णालयं आहेत आणि गल्लोगल्ली पंधरा-वीस खाटांची नर्सिंग होम आहेत. मोठ्या रुग्णालयात आधी लेखी चाचणी होते, मग अधिसेविका किंवा नर्सिंग प्रमुख मुलाखत घेतात.

प्रश्न साधे, पण रोजच्या कामातले असतात. उदाहरणार्थ, ५०० मिली सलाइन ४ तासांत द्यायचं आहे आणि सेट २० थेंबांना १ मिलीचा आहे, तर मिनिटाला किती थेंब? ५०० गुणिले २०, म्हणजे १०,००० थेंब. ४ तास म्हणजे २४० मिनिटं. भागाकार आला ४१.६७, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. हे गणित कागदाशिवाय जमलं पाहिजे. हात धुण्याचे पाच क्षण, जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या डब्यांत काय टाकायचं, औषध देण्याआधी काय काय ताडून बघायचं, रक्तदाब अचानक उतरला तर पहिल्या दोन मिनिटांत काय कराल, हेही विचारतात. हृदय बंद पडल्यास करायच्या प्राथमिक उपचारांचं, म्हणजे बीएलएसचं, प्रशिक्षण केलेलं असेल तर पारडं जड होतं.

इंग्रजीची धास्ती अनेकांना असते. मुलाखत घेणाऱ्यांना फर्डं इंग्रजी नको असतं. डॉक्टरांनी लिहिलेली ऑर्डर वाचता येणं आणि ड्युटी बदलताना पुढच्या नर्सला रुग्णाची स्थिती नीट सांगता येणं, एवढं त्यांना हवं असतं. मराठी, हिंदी आणि थोडी गुजराती येत असेल तर मुलुंड-घाटकोपर-बोरिवलीच्या रुग्णालयांत ती मोठीच जमेची बाजू आहे. घाबरलेल्या आजींना त्यांच्या भाषेत समजावणं हा या कामाचा अर्धा भाग आहे.

छोटं नर्सिंग होम की मोठं रुग्णालय? पहिल्या नोकरीसाठी शक्य असेल तर मोठं निवडा. तिथे नियम लिहिलेले असतात, शिकवायला वरिष्ठ असतात आणि त्या अनुभवपत्राला पुढे वजन राहतं. छोट्या ठिकाणी सगळं करायला मिळतं हे खरं, पण रात्री एकटीवर पूर्ण मजला सोपवला जात असेल तर नवख्या मुलीसाठी ते धोक्याचं आहे.

पगार किती मागायचा?

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढाई झाली आहे. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाच्या याचिकेवर २९ जानेवारी २०१६ ला न्यायालयाने केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीने खासगी रुग्णालयांसाठी शिफारस केली ती अशी :

२०० हून जास्त खाटा असतील तर राज्य सरकारच्या परिचारिकेइतकाच पगार.
१०० हून जास्त खाटा असतील तर सरकारी पगारापेक्षा जास्तीत जास्त १० टक्के कमी.
५० ते १०० खाटा असतील तर जास्तीत जास्त २५ टक्के कमी.
५० पेक्षा कमी खाटा असतील तरी महिन्याला किमान २०,००० रुपये.

शिफारशी लागू करण्याचं काम राज्यांवर सोडलं गेलं, त्यामुळे प्रत्यक्षात सगळीकडे असा पगार मिळत नाही. तरी वाटाघाटीला बसताना हे आकडे माहीत असावेत. समोरची ऑफर यापेक्षा किती खाली आहे, हे निदान स्वतःला तरी कळतं.

ऑफर वाचताना वार्षिक पॅकेजचा आकडा बाजूला ठेवा आणि हातात किती येणार ते विचारा. भविष्य निर्वाह निधी कापला जातो का? पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसी लागू आहे का? रात्रपाळीचा भत्ता, आठवड्याची सुट्टी, जादा ड्युटीचा मोबदला, हॉस्टेलचे पैसे? अंधेरीत हॉस्टेल देणारी नोकरी, बदलापूरहून रोज येण्याच्या थोड्या जास्त पगारापेक्षा परवडू शकते.

बाँडवर सही करावी का?

अनेक रुग्णालयं एक-दोन वर्षांचा बाँड लिहून घेतात. मधेच सोडलं तर अमुक रक्कम भरा, असं त्यात असतं. मुंबईत हा विषय रस्त्यावरही आला होता. ऑक्टोबर २०११ मध्ये एका मोठ्या खासगी रुग्णालयातल्या परिचारिकांनी बाँडच्या विरोधात काम थांबवलं होतं.

‘बाँड कोर्टात टिकत नाही, बिनधास्त सही कर’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो अर्धवट आहे. १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षं नोकरी किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. ते प्रकरण सरकारी बँकेचं होतं, रुग्णालयाचं नव्हे. पण किमान सेवेची अट आपोआप बेकायदा ठरत नाही, हे त्यातून स्पष्ट झालं. दुसरीकडे, करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करार मोडल्यावर वाजवी भरपाईच मागता येते, मनाला येईल तो आकडा नव्हे.

म्हणून सही करण्याआधी मुदत, रक्कम आणि सूचनेचा कालावधी वाचा आणि बाँडची प्रत स्वतःकडे ठेवा. कोरा धनादेश देऊ नका. मूळ प्रमाणपत्रं तर अजिबात ठेवायला देऊ नका. पडताळणीसाठी दाखवा, साक्षांकित प्रती द्या आणि मूळ कागद घेऊनच उठा. मूळ नोंदणी प्रमाणपत्र दुसऱ्याच्या कपाटात गेलं की दुसरी नोकरी, सरकारी भरती, पासपोर्ट सगळं त्याच कपाटात अडकतं.

सरकारी नोकरीचा रस्ता

राज्य सरकारच्या रुग्णालयांत अधिपरिचारिकेचं पद सातव्या वेतन आयोगानुसार एस-१३ स्तरावर, म्हणजे ३५,४०० ते १,१२,४०० या श्रेणीत आहे. महापालिकेचंही मोठं जाळं उपनगरांत आहे. जुहूचं कूपर, घाटकोपरचं राजावाडी, मुलुंडचं एम. टी. अगरवाल, कांदिवलीचं शताब्दी, बोरिवलीचं भगवती. पालिकेच्या भरतीत मराठी विषयाची अट असते, जी मराठी शाळेत शिकलेल्यांच्या पथ्यावर पडते.

केंद्राच्या पातळीवर एम्सची नॉरसेट परीक्षा आहे. बीएस्सी झालेल्यांना ती लगेच देता येते. जीएनएम झालेल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. वेतन स्तर ७, सुरुवात ४४,९०० पासून. म्हणजे पहिल्या नोकरीचं रुग्णालय किती खाटांचं आहे, हा प्रश्न पुढच्या भरतीपर्यंत पाठलाग करतो.

जाहिरातीत ‘कंत्राटी’ आणि ‘कायम’ यांतला फरक नीट बघा. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या परिचारिका कंत्राटी भरतीच्या विरोधात संपावर गेल्या होत्या, तो याच फरकामुळे. कंत्राटी जागा अनुभवासाठी घ्यायला हरकत नाही, पण ती आपोआप कायम होईल या भरवशावर राहू नका.

स्वतःची काळजी

२७ नोव्हेंबर १९७३ ला केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तिथल्याच एका कामगाराने हल्ला केला. १८ मे २०१५ ला त्यांचं निधन झालं. मधली ४२ वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. परिचारिकेच्या सुरक्षेचा प्रश्न मुंबईला त्या दिवसापासून चांगलाच माहीत आहे.

आज कायदे आहेत. वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तीवर हल्ला हा महाराष्ट्रात २०१० च्या कायद्यानुसार अजामीनपात्र गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० पर्यंत दंड होऊ शकतो. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावीच लागते. रुजू होताना तिच्या सदस्यांची नावं विचारून घ्या. रात्रपाळीला कपडे बदलायची खोली कुठे आहे, सुरक्षारक्षक कुठे बसतो, रात्री-अपरात्री सोडायला गाडी आहे का, हे विचारण्यात संकोच नको.

प्रशिक्षण सुरू होण्याआधी हेपॅटायटिस बी लसीचे तिन्ही डोस पूर्ण करा. वापरलेली सुई टोचली तर जखम साबण-पाण्याने धुवा, लगेच कळवा आणि एचआयव्ही प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत सुरू करा. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. ओरडा बसेल म्हणून लपवणं ही सगळ्यांत महागडी चूक.

पैसे भरण्याआधीचे पाच प्रश्न

हा कोर्स संपल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळेल का? लेखी द्याल?
परीक्षा कोणतं विद्यापीठ किंवा मंडळ घेतं?
चालू वर्षाची मान्यता कोणत्या पत्त्यावर आणि किती जागांची आहे?
विद्यार्थी कोणत्या रुग्णालयात ड्युटीला जातात, तिथे किती खाटा आहेत?
माझा प्रवेश केंद्रीय फेरीतून आहे की थेट?

खरं कॉलेज या पाचही प्रश्नांची उत्तरं टेबलावर कागद ठेवून देतं. ज्याला पहिल्याच प्रश्नावर “ते नंतर बघू” म्हणावंसं वाटतं, त्याच्याकडे फी भरू नये. खांबावरचा नंबर कुणाच्या घरात पोहोचला असेल, तर त्याच्या आधी ही यादी पोहोचलेली बरी.